दुबईची नोकरी, लंडनचा पत्ता आणि खोताच्या वाडीतलं घर : परदेशी गेल्यावर तुमचा कर नेमका कुठे?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत फिरताना लाकडी जिने आणि व्हरांड्यांइतकीच बंद दारंही नजरेत भरतात. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाडी पुढे प्रामुख्याने ईस्ट इंडियन ख्रिश्चन कुटुंबांची झाली. एकेकाळी इथे ६५ च्या आसपास घरं होती. आता त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. अनेक कुटुंबांतली पुढची पिढी आखातात, ब्रिटनमध्ये, कॅनडात नाहीतर ऑस्ट्रेलियात आहे. घर मात्र अजून सगळ्या भावंडांच्या नावावर आहे.

हे चित्र फक्त खोताच्या वाडीचं नाही. दादरचा ब्लॉक असो किंवा लालबागची चाळीतली खोली, घरातलं एक माणूस परदेशी गेलं की आज ना उद्या एक प्रश्न येतोच : आता याचा टॅक्स कुठल्या देशात? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "तो आता एनआरआय आहे, त्याला इथे काही भरावं लागत नाही." हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं चुकलं, तर फटका लाखांत बसू शकतो.

पासपोर्ट नाही, दिवस मोजतात

पहिला गैरसमज नागरिकत्वाचा. भारतात कर-रहिवासी कोण, हे पासपोर्टच्या रंगावर नाही, तर १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही किती दिवस भारतात होतात यावर ठरतं. मूळ नियम दोन आहेत :

- वर्षात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असाल, तर तुम्ही रहिवासी.
- वर्षात ६० दिवस आणि त्याआधीच्या ४ वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल, तरीही रहिवासी.

दुसरा नियम तसाच लावला, तर नोकरीसाठी जाणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या वर्षी अडकेल. म्हणून भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडत असेल, तर त्या वर्षापुरती ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. परदेशात स्वतःचा धंदा करायला जाणंही यात येतं, असा निकाल केरळ उच्च न्यायालयाने दिला आहे.

आता एक उदाहरण. समजा, वाडीतला एक मुलगा दुबईच्या नोकरीसाठी २५ सप्टेंबरला विमानात बसला आणि ३१ मार्चपर्यंत परतला नाही. एप्रिलपासून त्याचे भारतात १७८ दिवस झाले. तो त्या वर्षी अनिवासी, त्याच्या दुबईच्या पगारावर भारतात कर नाही. तोच मुलगा ५ ऑक्टोबरला निघाला असता, तर दिवस १८८ झाले असते. मग तो त्या वर्षी रहिवासी ठरला असता आणि मार्चपर्यंतचा दुबईचा पगारही भारतात दाखवावा लागला असता. फरक फक्त १० दिवसांचा.

शिकायला जाणाऱ्यांसाठी मात्र ही सवलत नाही, कारण शिक्षण म्हणजे नोकरी नव्हे. सप्टेंबरमध्ये मास्टर्सला गेलेली मुलगी त्या वर्षी साधारणपणे भारताची रहिवासीच राहते. तिथे पार्ट-टाइम कामाचे पैसे मिळाले, तर तेही इथल्या रिटर्नमध्ये येतात.

सुट्टीला आलात, तर?

परदेशात स्थायिक झालेला भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती नाताळ, मे महिना, लग्नं यासाठी भेटीला आली, तर तिलाही १८२ दिवसांची मुभा आहे. पण भारतातलं वगैरे, म्हणजे परदेशी उत्पन्न वगळून, वर्षाचं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर मर्यादा १२० दिवसांवर येते. घरभाडं, मुदत ठेवींचं व्याज, शेअर्स आणि विकलेल्या घराचा नफा, सगळं या १५ लाखांत धरलं जातं. म्हणजे घर विकायला येऊन चार-सव्वाचार महिने राहिलेली व्यक्ती नकळत रहिवासी ठरू शकते.

अशा व्यक्तीला 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही' असा मधला दर्जा मिळतो. यात परदेशातला पगार सहसा भारतीय कराच्या बाहेरच राहतो. भारतीय उत्पन्न १५ लाखांवर असलेला आणि जगातल्या कुठल्याच देशात रहिवासी म्हणून कर लागू नसलेला भारतीय नागरिकही २०२०-२१ पासून याच दर्जात येतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा आयकर कायदा २०२५ ने घेतली आहे. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' हा शब्द आला, कलमांचे क्रमांक बदलले. दिवस मोजण्याची मूळ पद्धत तीच आहे.

तिकडचा देश काय म्हणतो?

भारताने सोडलं म्हणजे दुसऱ्या देशाने धरलंच असं नाही. कधीकधी दोघेही धरतात.

संयुक्त अरब अमिरातीत पगारावर वैयक्तिक आयकर नाही. पण तिथलं कर-रहिवासी प्रमाणपत्र लागतं, कारण भारताशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा फायदा त्याशिवाय मिळत नाही. मार्च २०२३ पासून तिथे १८३ दिवसांची अट आहे. रहिवासी परवाना आणि तिथे नोकरी किंवा कायमचं घर असेल, तर ९० दिवसही पुरतात.

ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. तिथे १८३ दिवस राहणारा आपोआप रहिवासी होतो, पण घर आणि पूर्णवेळ नोकरी असेल, तर त्याहून कमी दिवसांतही होतो. एप्रिल २०२५ पासून नवा नियम आहे : आधीची १० वर्षं ब्रिटनचा रहिवासी नसलेल्या व्यक्तीला पहिली ४ वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते. पाचव्या वर्षापासून गिरगावातल्या घराचं भाडंही तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते.

गोव्याशी नातं असलेल्या कुटुंबांत पोर्तुगीज पासपोर्टची चर्चा असते. तो पासपोर्ट घेतल्याने कोणी पोर्तुगालचा करदाता होत नाही. तिथेही मुख्य कसोटी १८३ दिवसांहून जास्त मुक्काम किंवा कायमचं घर हीच आहे. अमेरिका मात्र वेगळी. ती आपल्या नागरिकांवर आणि ग्रीन कार्डधारकांवर ते कुठेही राहोत, जगभरातल्या उत्पन्नावर कर लावते.

खरा फटका : घर विकताना

तुम्ही कुठेही रहिवासी असा, भारतातल्या घराचं भाडं आणि विक्रीचा नफा यांवर पहिला हक्क भारताचा. फरक पडतो तो हिशेबात.

समजा, वाडीतलं वडिलोपार्जित घर दोन भावंडांचं आहे. भाऊ मुंबईत, बहीण लंडनमध्ये. २००१ मध्ये प्रत्येकाच्या वाट्याची किंमत ४० लाख होती आणि २०२५-२६ मध्ये प्रत्येकाचा वाटा २ कोटींना विकला गेला.

बहिणीचा हिशेब : २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीवर महागाईची वजावट नाही. नफा १ कोटी ६० लाख, कर १२.५ टक्क्यांनी २० लाख.

भावाचा हिशेब : त्या तारखेआधीच्या मालमत्तेसाठी रहिवासी व्यक्तीला जुना पर्याय ठेवला आहे. २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६, त्यामुळे ४० लाखांचे १ कोटी ५० लाख ४० हजार होतात. नफा ४९ लाख ६० हजार, कर २० टक्क्यांनी ९ लाख ९२ हजार.

घर एकच, वाटा एकच, आणि सेस-अधिभार सोडूनही बहिणीचा कर दुप्पट. कारण फक्त त्या वर्षीचा रहिवासी दर्जा.

गोष्ट इथे संपत नाही. खरेदीदार भावाच्या पैशांतून १ टक्का, म्हणजे २ लाख टीडीएस कापतो. बहिणीच्या बाबतीत तो किमान १२.५ टक्के आणि वर सेस-अधिभार कापतो. बरेच खरेदीदार जोखीम नको म्हणून नफ्यावर नाही, तर पूर्ण २ कोटींवर कापतात. म्हणजे २५ लाखांहून जास्त रक्कम रिटर्न भरून परतावा मिळेपर्यंत अडकते. यावर उपाय आहे : विक्रीआधी आयकर विभागाकडे अर्ज करून कमी कपातीचं प्रमाणपत्र घेणं. भारतातच दुसरं घर घेतलं, तर मिळणारी सूट अनिवासींनाही आहे.

भाड्याचंही तसंच. घरमालक अनिवासी असेल, तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने सेससह ३१.२ टक्के कापून भरायला हवेत. वाडीतल्या भाडेकरूला हे ठाऊक नसतं आणि नोटीस त्याच्या नावाने येते.

निघण्याआधी काय करावं?

- पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास जपा. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतात धरून मोजणं सुरक्षित.
- बँकेला कळवून बचत खातं एनआरओ करून घ्या. फेमा कायद्यातली अनिवासीची व्याख्या आयकरापेक्षा वेगळी आहे. नोकरीसाठी देश सोडला की ती लगेच लागू होते.
- घराचं १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून आताच करून ठेवा. विकायच्या घाईत ते मिळवणं जड जातं.
- भावंडांपैकी कोण कुठल्या देशाचा रहिवासी आहे, हे व्यवहाराची तारीख ठरवण्याआधी कागदावर लिहून काढा आणि सीएला दाखवा.

बँक खात्यांची माहिती आता देश एकमेकांना आपोआप देतात. त्यामुळे 'तिकडे कोणाला कळतंय' हा हिशेब जुना झाला. वाडीतलं घर ठेवायचं की विकायचं, हा निर्णय कुटुंबाचाच. तो घेताना टेबलावर घराच्या कागदपत्रांसोबत प्रत्येकाचा पासपोर्टही उघडा असायला हवा, दिवस मोजण्यासाठी.