ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉनचे चित्र नव्हे

मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती ठिपके मांडून त्याच्या अणूचे संयुजा-इलेक्ट्रॉन दाखविण्याची रीत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. या मांडणीस मराठीत ‘चित्र’ म्हणावे काय, असा प्रश्न अनुवाद करताना वारंवार पडतो. तसे म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्र वस्तूचे रूप दाखविते; ठिपके केवळ हिशेब सांगतात. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात, पण बाह्यतम कवचात एकच. म्हणून ठिपकाही एकच. क्लोरीनच्या १७ पैकी ७ तेवढे मांडावयाचे. सोडियमने आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिला, की सोडियम आयनाभोवती एकही ठिपका उरत नाही आणि क्लोराइड आयनाभोवती आठ होतात. आयनांवरील धन व ऋण भारांची चिन्हे लिहिली, म्हणजे हा जमाखर्च पुरा झाला.

परंतु वही म्हणजे व्यापार नव्हे. ऑक्सिजनच्या रेणूत या रीतीने सारे ठिपके जोडीजोडीने बसतात. प्रत्यक्षात द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो. कारण त्याच्या प्रत्येक रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात. ठिपक्यांना चित्र मानणारा विद्यार्थी येथे गोंधळतो. त्यांना हिशेब मानणारा त्या हिशेबाची मर्यादा ओळखतो.

म्हणून पाठ्यपुस्तकांनी ‘ठिपक्यांची मांडणी’ हाच शब्द योजावा. एका शब्दाच्या निवडीने एक गैरसमज टळत असेल, तर ती निवड भाषेइतकीच विज्ञानाचीही सेवा होय.