स्पीकर बदलण्याआधी खोली बघा

सासूबाईंना प्रवचनातले शब्द नीट लागत नाहीत म्हटलं, की घरातले पुरुष नवा स्पीकर आणायला निघतात. माझं म्हणणं, आधी खोली बघा. आपल्याकडच्या घरांत खाली फरशी, चारी भिंती मोकळ्या. विजापूरच्या गोल घुमटात आवाज घुमतो, तोच प्रकार लहान मापात.

आता रूम करेक्शन मिळतं. बसायच्या जागी माइक ठेवायचा. स्पीकर खालपासून वरपर्यंत सूर वाजवतो, आणि खोली कुठला सूर फुगवते ते मोजून यंत्र तेवढाच कमी करतं. 12 फूट लांबीच्या खोलीत साधारण 47 आणि 94 हर्ट्झचा खर्ज फुगतो, मग स्तवनातला डग्गा शब्दांवर चढतो. तिथे हे तंत्र खरंच कामाचं.

पण भिंतींवरून परत येणारा घुमारा ते पुसू शकत नाही. त्याला कापूसच लागतो. भिंतीपासून चार बोटं सोडून दुहेरी घडीची सोलापुरी चादर टांगा, खाली सतरंजी अंथरा. (चांगल्या नक्षीची असली तर पाहुणेही विचारतात.) स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढा, कोपऱ्यात खर्ज वाढतो. मोजणी त्यानंतर. आणि माइक सोफ्यावर मुलाच्या हातात नको. सासूबाई खाली बसून ऐकतात, तर त्यांच्या कानाच्या उंचीवर.