वंशावळ आणि कोर्टाचे दप्तर

पूर्वजांचा शोध म्हणजे निवृत्तीनंतरचा विरंगुळा, अशी आपल्याकडे समजूत आहे. कुलवृत्तांत छापला, मूळ पुरुषाचे नाव मिळाले, की समाधान! अमेरिकेतील गुलामांच्या वंशजांना हे समाधान इतके स्वस्तात मिळत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या शोधाकडे मुद्दाम पाहावे असे मला वाटते. सरकारी कागद कोणाच्या सोयीसाठी लिहिला जातो, हे तिथे लख्ख दिसते.

अमेरिकेची पहिली खानेसुमारी १७९० सालची. प्रतिनिधिगृहातील जागा राज्यांना वाटून द्यायच्या, तर माणसे मोजणे भाग होते. त्यातही पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब संविधानानेच घालून दिलेला. मोजणारे घरोघर हिंडले आणि त्यांनी नाव लिहिले ते फक्त कुटुंबप्रमुखाचे. पुढे नुसते आकडे : १६ वर्षांचे व त्यावरील गोरे पुरुष, त्याखालील गोरे मुलगे, गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसे आणि शेवटी गुलाम. एकूण बेरीज ३९ लाखांवर गेली. त्यांतील जवळजवळ ७ लाख माणसे या शेवटच्या रकान्यात होती.

गोऱ्याची बायकामुलेही तेव्हा आकडाच होती, हे खरे. पण १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले जाऊ लागले. गुलामांसाठी मात्र वेगळे तक्ते निघाले. त्यांत नाव मालकाचे आणि त्याखाली वय, लिंग, रंग. १८६० साली तोच प्रकार. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८७० च्या खानेसुमारीत ही लाखो माणसे प्रथमच नावानिशी उभी राहिली. आजचा वंशज मागे मागे जात तिथवर पोहोचतो आणि अडतो.

यापुढची वाट खानेसुमारीत नाही; ती काउंटीच्या कोर्टात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारला गुलामाच्या नावाची गरज नव्हती, वारसांना होती! मालक वारला की त्याच्या चीजवस्तूंची यादी कोर्टात दाखल होई. नांगर, बैल, बिछाने, आणि त्याच यादीत माणसे, बहुधा नाव आणि किंमत यांसह. कोणती दासी कोणत्या वारसाच्या वाट्याला, हे ठरल्याशिवाय वाटणी कशी पुरी व्हावी? अर्थात त्यासाठी आधी मालक कोण हे हुडकावे लागते. मुक्त झालेल्याने मालकाचेच आडनाव घेतले असेल, याची खात्री नसते.

कधी कधी तर गुलामगिरीत धरलेली व्यक्ती स्वतःच कोर्टात उभी राहते. व्हर्जिनियातील एलिझाबेथ की हिचे उदाहरण घ्या. बाप इंग्रज, आई आफ्रिकन. आपण इंग्रजाची मुलगी आहोत, बाप्तिस्मा झालेला आहे, सबब आपल्याला जन्मभर गुलाम ठेवता येणार नाही, असा दावा तिने मांडला. बाप कोण, याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या झाल्या. १६५६ मध्ये ती मुक्त ठरली आणि तिचा दावा चालवणाऱ्या विल्यम ग्रिनस्टेडशी तिने लग्न केले. १६६२ साली व्हर्जिनियाने कायदाच केला, की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. म्हणजे ती वाट बंद! पण जबान्या दप्तरात राहिल्या, आणि त्या काळातल्या एका सामान्य बाईची जन्मकथा आपल्याला कळते ती त्यांच्यामुळे.

सगळीच दप्तरे राहिली असे नव्हे. यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून काही काउंट्यांनी आपली कागदपत्रे रिचमंडला हलवली होती. १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच जळाले.

इथे अॅलेक्स हेली यांच्या १९७६ मधील 'रूट्स'ची आठवण होते. घरातल्या वृद्ध स्त्रियांकडून ऐकलेली माणसे त्यांना १८७० च्या खानेसुमारीत सापडली. तिथवर पाया पक्का होता. पुढे मात्र त्यांनी १७६७ मध्ये आलेल्या जहाजातला कुंटा किंटे आणि व्हर्जिनियाच्या कागदांतला टोबी एकच मानले. १९८१ मध्ये मिल्स दांपत्याने ते कागद पुन्हा तपासले, तर टोबी जहाजाच्या आधीपासूनच त्या मालकाकडे नोंदलेला! काहींना ही तपासणी निर्दयपणाची वाटते. मला वाटत नाही. ज्यांची नावे एकदा पुसली गेली, त्यांच्या जागी सोयीचे नाव बसवणे हेही पुसणेच आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल माझा आग्रह आहे. कोर्टातल्या यादीवरून वंशावळ उतरवताना पुष्कळजण नाव घेतात आणि पुढची किंमत लाजेने गाळतात. बैलाच्या खालची ओळ, तिच्यातले नाव, वय आणि डॉलरचा आकडा, हे सारे जसेच्या तसे उतरवले पाहिजे.