स्टेरिंग थरथरतंय म्हणून स्टेरिंगच बदलायचं का?

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण माझ्या मते विषय एकच आहे. नीट न बघता औषध मारायचं आणि मग पैसे मोजत बसायचं, हा आपला जुना रोग.

गेल्या महिन्यात जीपचं पुढचं काम काढलं. (आमच्याकडं सगळ्या दणकट गाड्यांना जीपच म्हणतात.) खालच्या आर्मचे बुश गेले होते, टायरॉड एंड ढिले होते, पुढच्या डिस्क पण झिजल्या होत्या. दोन दिवस गाडी गॅरेजला. मिस्त्रीनं गावातून एक चक्कर मारली, म्हणाला, "नाना, एकदम मख्खन." खरंच मख्खन होती. गावाच्या रस्त्यावर चाळीसच्या वर काटा जातो कुठं?

दुसऱ्या दिवशी घरचे सगळे घेऊन सिन्नरजवळ समृद्धीला लागलो, संभाजीनगरला जायचं होतं. सत्तरपर्यंत काही नाही. ऐंशीला हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. नव्वदला स्टेरिंग असं थरथरायला लागलं की मागं बसलेल्या मंडळीनी विचारलं, "अहो, तुमचे हात का थरथरताय?" समृद्धीवर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे, आणि मी डाव्या बाजूनं सत्तरनं चाललोय, सोबत नातू. जीव टांगणीला होता, खोटं कशाला बोलू.

परत आल्यावर मिस्त्री म्हणाला, अलायमेंट करून घ्या. केलं. थरथर तशीच. मग म्हणाला, स्टेरिंग बॉक्स गेला असणार, 22,000 पर्यंत जाईल. तेवढ्यात माझ्या अर्ध्या एकराच्या ठिबकच्या नळ्या येतात. म्हटलं थांब जरा, आपण आपलं डोकं लावू.

पहिली गोष्ट. अलायमेंट वेगळं आणि बॅलन्सिंग वेगळं. दोन्ही बोर्ड एकाच दुकानावर असतात म्हणून आपण एकच समजतो. अलायमेंट म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, आत-बाहेर कललीत का. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेनं खातं. थरथर सहसा त्यानं होत नाही. (फार दिवस तसंच चालवलं आणि टायर खाचाखाचांनी झिजलं, तर मात्र होते.) बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का.

हे आपल्याला कोणी शिकवायची गरजच नाही. कडबा कुट्टीचं एक पातं बदलून दुसरं जुनं ठेवलं तर मशीन कसं नाचतं, ते सगळ्यांना माहीत आहे. रोटाव्हेटरचं पातं तुटलं तरी तेच. चाकाचं गणित मी वहीत करून बघितलं. माझ्या टायरचा घेर टेपनं मोजला, सव्वादोन मीटरच्या आसपास भरला. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला 11 वेळा फिरतं. रिमच्या कडेला 30 ग्रॅम वजन कमीजास्त असलं, तर त्या वेगाला ते साधारण तीन किलोच्या जोरानं चाकाला ओढतं, सेकंदाला 11 वेळा. वेग निम्मा केला की जोर पाव होतो, म्हणजे 45 ला फक्त पाऊण किलो. म्हणून गावात कळत नाही आणि हायवेला कळतं. मिस्त्री खोटं बोलत नव्हता, त्यानं बघितलंच चुकीच्या ठिकाणी.

मग मी काय केलं ते सांगतो. आधी सगळे नट पान्ह्यानं तपासले. चाक काढलं-घातलं असेल तर हे सगळ्यात पहिलं, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर परत एकदा. नट ढिले असले तर बाकी तपास नंतर, आधी जीव. टायरवर हात फिरवून कुठं फुगा आलाय का बघितलं. फुगा असेल तर गाडी कमी वेगालाच डुलते, ते टायर चालवायचंच नाही. मग जॅक लावून चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा खेळ कळतो, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं तर टायरॉड एंडचा. काहीच हललं नाही. सामान नवीनच होतं.

मग रिकाम्या रस्त्याला, पोरगा शेजारी बसवून, परत नव्वद. ब्रेक मारल्यावरच थरथर येते का? नाही, मग नव्या डिस्कचा संशय कमी. क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तर थांबते का? नाही, मग इंजिनाचा संबंध नाही. अ‍ॅक्सिलेटर दाबला की वाढते का? नाही, मग शाफ्टकडं बघायची घाई नको. फक्त वेगाशी बांधलेली आहे आणि हातात येते. म्हणजे पुढचं चाक.

शेवटी पुढची दोन चाकं मागं आणि मागची पुढं टाकली. दीड तासाचं काम, खर्च शून्य. नव्वदला स्टेरिंग शांत आणि सीटखाली थरथर! रोग चाकाबरोबर मागं गेला. बाविस हजारांचा स्टेरिंग बॉक्स तिथंच निर्दोष सुटला.

बॅलन्सिंगला नेलं तर डाव्या चाकाला मशीननं 45 ग्रॅम दाखवले. रिमच्या कडेला शिशाचा तुकडा जिथं होता तिथं पांढरी स्वच्छ खूण होती. गंजानं चाक हबला धरलं होतं, काढताना पोरानं हातोडा मारला असणार आणि तुकडा उडाला. शिवाय दोन्ही रिमच्या आतून वाळलेल्या काळ्या मातीचे ढेकळं निघाले. माती चिकटलेली असताना बॅलन्सिंग करून काही उपयोग नाही, माती पडली की परत तेच. चार चाकांचे मिळून 600 रुपये लागले.

तरी शंभरला बारीक थरथर राहिलीच. मशीन शून्य दाखवतं आणि गाडी हलते, म्हणजे चाक बसण्यात खोट. हबच्या तोंडावर गंजाची खपली होती, त्यावर चाक सपाट बसत नव्हतं. तारेच्या ब्रशनं घासलं. नट गोलात न आवळता समोरासमोर, थोडे थोडे आवळले, चाक हवेत असताना. गेली.

आता माझं मत. यात मिस्त्री एकटा दोषी नाही. आपण तपासायचे पैसे देत नाही, सामानाचे देतो. वीस किलोमीटर हायवेला ट्रायल मारून त्यानं सांगितलं असतं की तुकडा पडलाय, तर मी त्याला किती दिले असते? चहा पाजला असता. मग तो सामानातच कमावणार. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पिवळं पान दाखवलं की चार बाटल्या पुढं येतात, त्यातलाच प्रकार. पान पिवळं लोहानं पडलं, मॅग्नेशियमनं, का मुळाशी पाणी साचून, हे झाड उपटून बघितल्याशिवाय कसं कळणार? पेजवर कृषी सल्ला देणारी मंडळी आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्लॉटवर येऊन बघायची फी मागितली की शेतकऱ्याचं तोंड कसं होतं, ते पण माहीत आहे.

काल त्याच मिस्त्रीकडं गेलो. हब दाखवला, मशीनची चिठ्ठी दाखवली. आधी चिडला. मग म्हणाला, "नाना, हायवे ट्रायलचे वेगळे तीनशे घेईन, चालेल का?" मी हो म्हणालो. शेजारी दोन ट्रॅक्टरवाले बसले होते, ते हसले.