एक टेराबाइट म्हणजे नेमके किती?

आज सराफाकडे ‘एक तोळा’ म्हटले की तो १० ग्रॅम तोलतो. आपल्या आजीच्या काळातील तोळा मात्र सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. त्यामुळे जुन्या चिठ्ठीत ‘पाच तोळे’ म्हणून नोंदलेल्या पाटल्या आज काट्यावर ठेवल्या, तर त्या ५८ ग्रॅमच्या वर भरतात. यात कोणी कोणाला फसविलेले नसते. शब्द तोच राहिला आणि त्यामागील माप बदलले, एवढेच. संगणकाच्या साठवणुकीबाबत हेच घडले आहे; फरक इतकाच की येथे दोन्ही मापे आजही एकाच वेळी, एकाच नावाने वापरात आहेत.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी घरातील जुनी छायाचित्रे व कागदपत्रे स्कॅन करून ठेवण्यासाठी एक टेराबाइटची हार्ड डिस्क विकत घेतली. घरी संगणकाला जोडल्यावर पडद्यावर आकडा उमटला ९३१ जीबी. ‘एक हजारातील ६९ गेले कुठे?’ असे विचारीत ते तडक दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदारास लबाड ठरवून आले. दुकानदार बिचारा ‘सगळ्यांचेच असे दाखवते’ यापलीकडे काही सांगू शकला नाही. त्याचे म्हणणे खरे होते. त्याला ते मांडता आले नाही, एवढाच त्याचा दोष.

हिशेब असा आहे. संगणकातील माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. डिस्क तयार करणारे कारखानदार पुढील मोजणी हजारांच्या पटीत करतात. हजार बाइटांचा किलोबाइट, हजार किलोबाइटांचा मेगाबाइट, तसाच पुढे गीगाबाइट आणि टेराबाइट. या रीतीने एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. किलोमीटर वा किलोग्रॅममध्ये ‘किलो’ म्हणजे हजारच असतात, तेव्हा या मोजणीत गैर काही नाही. परंतु विंडोज ही प्रणाली १०२४ च्या पटीने मोजते. संगणकाचे सारे गणित दोनच्या पटीत चालते आणि दहा वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की १०२४ येतात. हजाराला इतकी जवळची संख्या मिळाल्यावर जुन्या अभियंत्यांनी तिलाच ‘किलो’ म्हणण्यास आरंभ केला. विंडोजच्या लेखी एक गीगाबाइट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. एक लाख कोटींना या संख्येने भागून पाहावे, उत्तर ९३१.३२ येते. एकही बाइट हरवलेला नाही.

पडताळा घ्यावयाचा असल्यास विंडोजमध्ये त्या डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे एकूण क्षमता दोन्ही प्रकारे लिहिलेली असते, आधी बाइटांत आणि तिच्या शेजारी जीबीत. बाइटांची संख्या वेष्टनावरील आकड्याशी जुळली की मेळ बसला असे समजावे. ॲपलने मात्र २००९ मध्ये आपल्या मॅक संगणकांत हजाराची मोजणी स्वीकारली. त्यामुळे तीच डिस्क तेथे जोडली तर पूर्ण एक टेराबाइट दिसते.

बँकेत उमेदवारी केलेल्या माणसास यातील एक गोष्ट विशेष रंजक वाटेल. हा फरक चक्रवाढीने वाढतो. किलोबाइटला तो अवघा २.४ टक्के, मेगाबाइटला ४.८६, गीगाबाइटला ७.३७, आणि टेराबाइटला जवळजवळ १० टक्के. २.४ टक्के दराचे चार वर्षांचे चक्रवाढ व्याजच म्हणा ना! किलोबाइटच्या जमान्यात ज्याकडे काणाडोळा करता येत होता, ते टेराबाइटच्या काळात तंट्याचे कारण झाले. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटल व सीगेट या कंपन्यांविरुद्ध ग्राहकांनी याच मुद्द्यावर दावे लावले आणि २००६-०७ च्या सुमारास ते तडजोडीने मिटले.

यावर उपाय कोणी सुचविला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने १९९८ मध्येच १०२४ च्या मोजणीसाठी किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी स्वतंत्र नावे ठरवून दिली. पण ती बाजारात रुळली नाहीत, आणि आजही एकाच लॅपटॉपच्या खोक्यावर ‘८ जीबी रॅम’ व ‘५१२ जीबी डिस्क’ असे शेजारी शेजारी छापलेले असते. त्यातील पहिला जीबी १०२४ च्या पटीचा आणि दुसरा हजाराच्या! जुन्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीची तर आणखी गंमत. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत. ते एका रीतीने १.४७ होतात आणि दुसरीने १.४१. दोन्ही रीतींची सरमिसळ केल्याशिवाय १.४४ येतच नाहीत.

इंटरनेटच्या वेगाबाबतही एक खुलासा आवश्यक आहे. तेथील ‘१०० एमबीपीएस’ हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठाने भागावे. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि एक जीबीचा चित्रपट उतरवून घेण्यास पूर्ण वेगातही ८० सेकंद.

आता खऱ्या फसवणुकीविषयी, कारण तीही आहेच. विंडोजवर ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह ५९.६, १२८ चा ११९, ५१२ ची डिस्क ४७६ आणि दोन टेराबाइटची १८६२ जीबी दिसली तर निश्चिंत असावे. जीबीस ०.९३ ने आणि टीबीस ०.९१ ने गुणले की अपेक्षित आकडा मिळतो. एखाद-दुसऱ्या टक्क्याची तफावत सोडून द्यावी. मात्र काहीशे रुपयांत ‘दोन टेराबाइट’ म्हणून विकला जाणारा पेन ड्राइव्ह हा निराळा प्रकार आहे. त्यातील नियंत्रक चिपलाच खोटे बोलावयास शिकविलेले असते. संगणकास ती १८६२ जीबी असेच सांगते, पण आत प्रत्यक्षात जागा असते ३२ किंवा ६४ जीबीची. तेवढी भरली की पुढील फायली जुन्यांवर लिहिल्या जातात वा नाहीशा होतात. यादीत नावे सर्व दिसतात. उघडावयास गेले की लग्नाचे छायाचित्र उघडत नाही. येथे वर सांगितलेला भागाकार उपयोगी पडत नाही, कारण आकडा बरोबरच दिसतो. अशा वेळी ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्राम वापरावा. तो कोऱ्या ड्राइव्हमध्ये काठोकाठ माहिती भरतो आणि मग तीच परत वाचून पाहतो. मोठ्या ड्राइव्हला कित्येक तास लागतात. रात्री लावून ठेवावा, आणि निकाल हाती येईपर्यंत घरातील मूळ छायाचित्रे कोठूनही पुसू नयेत.