सुपरमॅन परकाच होता!

जुलै २०२५ मध्ये जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ पडद्यावर आला. ही बाहेरून आलेल्या माणसाची कथा आहे, असे दिग्दर्शकाने आधीच एका मुलाखतीत म्हटले होते. तेवढ्यावरून अमेरिकेतील काही प्रेक्षक चवताळले. आमच्या बालपणीच्या नायकात राजकारण घुसडले, हा त्यांचा आक्षेप.

आक्षेप निव्वळ अज्ञानाचा आहे. १९३८ साली हे पात्र निर्माण करणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले. ग्रह नष्ट होताना यानात घालून धाडलेले ते पोर पहिल्या अंकापासून परकेच आहे. मग राजकारण आणले कोणी?

दुसरा वर्ग मात्र खरोखर दुखावलेला आहे. १९७८ च्या चित्रपटात मार्लन ब्रँडोने साकारलेला पिता मुलाला मानवजातीच्या भल्यासाठी पाठवतो. नव्या चित्रपटात जन्मदात्यांचा संदेश ‘पृथ्वीवर राज्य कर’ असा निघतो! वारसाच हिरावला, असे या मंडळींना वाटते. हे दुःख मला समजते, पटत नाही. कॅन्ससच्या ज्या शेतकरी दांपत्याने त्याला वाढवले, त्यांचे काय?

आपण इंदूरकर तरी निराळे काय करतो? पिढ्यान्‌पिढ्या माळव्याचे अन्न खाऊन नातवंडांकडून कोकणातले मूळ गाव घोकून घेतो. मीही घेतो. चित्रपटगृहातून परतताना तो संदेश मलाही बोचत होता, तसे मी बोलूनही दाखवले. नातू म्हणाला, ‘‘पण आजोबा, त्याला सांभाळलं कोणी?’’