लेबलाच्या पलीकडे कायदाच पोचतो

सरकारी वसाहतींच्या शेजारी असलेल्या दिल्लीच्या सरोजिनीनगर बाजारात निर्यातीतून उरलेले कपडे ढिगाने विकले जातात. त्यांपैकी अनेकांची लेबले कापलेली असतात. कपडा कोठे व कोणी शिवला, हे ग्राहकाला कळण्याचा मार्गच त्यामुळे उरत नाही. अर्थात, लेबल शाबूत असते तरी ते कळले असते असे नाही. पिळवणुकीतून तयार झालेला कपडा घेऊ नये असे मानणारा ग्राहक आता भारतीय शहरांतही आढळतो. त्याच्या सदिच्छेची मर्यादा जेथे संपते, तेथे सरकारची जबाबदारी सुरू होते. आणि नेमके तेथेच सरकारी धोरण दोन दिशांना जाताना दिसते.

तयार कपड्यांच्या धंद्याची रचनाच जबाबदारी पातळ करणारी आहे. ब्रँड मागणी नोंदवतो ती गुडगावच्या उद्योगविहारमधील, ओखल्यातील वा नोएडातील कारखान्याकडे. मुदत जवळ आली की भरतकाम, धागे कापणे, बटणे लावणे ही कामे छोट्या ठेकेदारांकडे आणि तेथून घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांकडे जातात. ऑक्टोबर २००७ मध्ये दिल्लीच्या शाहपूर जाट भागात ‘गॅप’ या अमेरिकी ब्रँडच्या कपड्यांवर लहान मुले भरतकाम करीत असल्याचे ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकाने उघड केले. हे काम परवानगीविना उपठेक्यावर दिले गेले, असे सांगून कंपनीने माल मागे घेतला. मुलांना कामावर न ठेवण्याचा नियम कंपनीच्या आचारसंहितेत होताच. तो त्या खोलीपर्यंत पोचला नव्हता.

बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी ‘राणा प्लाझा’ इमारत कोसळून ११३४ कामगार मृत्युमुखी पडले. त्या इमारतीतील दोन कारखान्यांची खासगी संस्थांकडून ‘सामाजिक तपासणी’ आधी झालेली होती. त्यानंतर दोनशेहून अधिक ब्रँडनी कामगार संघटनांशी करार केला. तो कायदेशीररीत्या बंधनकारक होता, आणि हेच त्याचे वेगळेपण. तमिळनाडूत २०२२ मध्ये झालेल्या दिंडीगुल कराराचे सूत्रही तेच: दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील संघटना, कारखानदार आणि विदेशी ब्रँड यांच्यात स्त्रियांच्या छळाविरुद्ध बांधील करार. दोन्ही ठिकाणी बदल घडला तो संघटित कामगार आणि अंमलात आणता येणारा शब्द यांमुळे.

नवी दिल्लीची भूमिका मात्र दीर्घकाळ संशयाची राहिली. व्यापाराला श्रममानके जोडणे म्हणजे श्रीमंत देशांचा छुपा संरक्षणवाद, असे भारताने १९९६ च्या सिंगापूर मंत्रिपरिषदेत ठामपणे मांडले. हा संशय निराधार नव्हता. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यामागेही मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको असलेल्या लँकेशायरचा दबाव होता. परंतु १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या आणि १८९० मध्ये साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली, तेव्हा ती कामगारांची स्वतःचीच मागणी होती. दबाव आणणाऱ्याचा हेतू स्वार्थी असला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

२४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी केलेल्या व्यापार करारात भारताने श्रमविषयक स्वतंत्र प्रकरण मान्य केले. सिंगापूरच्या भूमिकेपासून हे मोठेच अंतर आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी तीन सप्टेंबर २०२० मध्ये विरोधकांच्या बहिष्कारात संसदेने संमत केल्या होत्या. किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना मिळाला, ही सरकारची बाजू रास्त आहे. तथापि विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगारांची मर्यादा २० वर, तर कंत्राटी कामगारांबाबतची २० वरून ५० वर गेली. निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला. ज्या लहान घटकांत उपठेक्याचे काम होते, त्यांतील अनेकांवरची पकड त्यामुळे सैल होते. संघटनस्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करारही भारताने अनुसमर्थित केलेले नाहीत.

ग्राहकाने काय करावे? स्वस्त म्हणजे शोषित आणि महाग म्हणजे स्वच्छ, हा निकष शाहपूर जाटच्या उदाहरणापुढे टिकत नाही. ‘हँडलूम मार्क’ वस्त्र हातमागाचे असल्याची ग्वाही देतो, मजुरीची नव्हे. आपले पुरवठादार कोण, हे ब्रँडने जाहीर केले आहे काय, कारखान्यात संघटना आहे काय, हे प्रश्न विचारणे अधिक उपयोगी. ते प्रत्येक गिऱ्हाइकाने दुकानदाराला विचारण्यापेक्षा एका खासदाराने प्रश्नोत्तराच्या तासाला श्रममंत्र्यांना विचारले, तर उत्तर देणे बंधनकारक होते. परदेशी खरेदीदाराला दिलेला शब्द देशातल्या कामगारालाही लागू आहे काय, हा त्यातला पहिला प्रश्न असावा.